कपाटाबाहेर आलेली पुस्तके

४ जुलै

शाळेच्या ग्रंथालयाचा चार्ज आज माझ्याकडे आला. आमच्या पाचवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतील एक लोखंडी कपाट. साठा नोंदवहीत ४१२ पुस्तके आहेत. दुपारभर बसून मोजली तेव्हा ३९७ भरली. दोन पुस्तकांना वाळवी लागली होती आणि सर्वांत खालच्या कप्प्यातील एका गठ्ठ्याची सुतळीसुद्धा कोणी सोडलेली नव्हती. देवघेव वहीत गेल्या वर्षीच्या एकूण २३ नोंदी आहेत, त्याही एकाच आठवड्यातील आणि एकाच हस्ताक्षरातील.

यात कोणाचा आळस आहे असे मला वाटत नाही. पुस्तक हरवले तर चार्ज देताना त्याचा हिशेब द्यावा लागतो, फाटले तर निर्लेखनाची, म्हणजे ते नोंदवहीतून कमी करण्याची, कागदपत्रे करावी लागतात, आणि लहान मुलांच्या हाती गेलेले पुस्तक कधी ना कधी फाटणारच असते. अशा वेळी कुलूप हा सर्वांत बिनघोर उपाय ठरतो. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. परंतु ती पुस्तके मुलांच्या हातात पडावीत ही जबाबदारी शेवटी ज्याच्याकडे किल्ली असते त्याच्यावर येते. आजपासून ती किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

१२ जुलै

प्रथम मोठ्या माणसांची पुस्तके बाजूला काढली. बारीक टाइपातील जाडजूड चरित्रे, भाषणांचे संग्रह, कधीतरी कोणीतरी देणगी म्हणून दिलेले ग्रंथ, अशी ऐंशीच्या वर निघाली. उरलेली पुस्तके कप्प्यांत नीट लावली, कपाटाचे दार सताड उघडे ठेवले आणि चौथीच्या मुलांना बोलावले. मुले आली आणि हात मागे घेऊन दारापाशीच उभी राहिली. "बाई, कोणतं घ्यायचं?" असे एकीने विचारले. "तुला आवडेल ते घे," असे मी म्हटले, तेव्हा तिने हाताशी होते ते पहिले पुस्तक उचलले आणि ती जागेवर जाऊन बसली. बाकीच्यांनीही तेच केले. दहा मिनिटांत वाटप झाले, आणि त्यात निवड कुठेच नव्हती.

मुले गेल्यावर मी त्यांच्या उंचीएवढी खाली बसून कपाटाकडे पाहिले, तेव्हा कारण दिसले. लहान मुलांची बहुतेक पुस्तके सोळा किंवा चोवीस पानांची, मधोमध पिना मारलेली असतात. त्यांना कणा असा नसतोच; त्यामुळे ती उभी लावली की नाव दिसत नाही, चित्र दिसत नाही, केवळ कागदाच्या कडांची एक पांढरट रेघ दिसते. ज्या मुखपृष्ठावर चित्रकाराने जीव ओतलेला असतो, तेच आपण नीटनेटकेपणाच्या नादात झाकून टाकतो, आणि मग मुलांना पुस्तकांची आवड नाही असे म्हणतो.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्याच्या खांबांना मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चाळीस पुस्तके दर्शनी बाजूने टांगली. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाल्यावर मुले हात धुऊन थेट तिकडे गेली. ओले हात शर्टाला पुसून पहिल्या पुस्तकाचा चिमटा काढणारा मुलगा दुसरीतील होता. मी चौथीवर लक्ष ठेवून बसले होते. आता दर सोमवारी सुतळीवरील पुस्तके बदलायची असे ठरवले आहे.

२ ऑगस्ट

आज माझ्या हातून झालेली एक चूक लिहून ठेवते.

चौथीतील एक मुलगी सलग तीन आठवडे एकच पुस्तक नेत होती. म्हशीचे पुस्तक आहे. रेडकू हरवते आणि सापडते, एवढीच गोष्ट. शुक्रवारी परत करायचे आणि तिथल्या तिथे पुन्हा मागून घ्यायचे, असा तिचा क्रम. चौथ्या वेळी मी म्हटले, "अगं, किती वेळा तेच? काहीतरी नवीन घे की." तिने मान हलवली, सुतळीकडे पाहिले आणि रिकाम्या हाताने वर्गात गेली. त्यानंतरच्या आठवड्यातही तिने काहीच नेले नाही.

काल घरी जाताना तिच्या शेजारच्या मुलीने सांगितले की ती ते पुस्तक रोज रात्री धाकट्या भावाला वाचून दाखवते, आणि प्रत्येक वेळी भाऊ रेडकाला वेगळे नाव ठेवतो. मुलांनी नव्या पुस्तकांपर्यंत पोहोचावे म्हणून मी धडपडत होते, आणि तिला जिथे पाय रोवून उभे राहता येत होते ती जागाच मी तिच्याकडून काढून घेत होते. आज सकाळी तिला बोलावून म्हटले की माझे चुकले, ते पुस्तक तुला हवे तितके दिवस ठेव. तिने ते घेतले. मी तिच्या दप्तराकडे पाहत असताना तिने ते पाठ्यपुस्तकांच्या मध्ये, कोपरे दुमडणार नाहीत असे ठेवले.

आजपासून सुतळीवर टांगताना शेजार पाहून टांगत आहे. म्हशीच्या पुस्तकाला लागून बैलबाजाराचे एक, जनावरांच्या आजारांविषयीचे एक, आणि अजिबात शब्द नसलेले, नुसत्या चित्रांचे एक.

१२ ऑगस्ट

डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती आज ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके उपयोगासाठी आहेत; प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक; प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक; वाचकाचा वेळ वाचवा; ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. डी.एड.नंतरच्या एका परीक्षेसाठी मी ही सूत्रे पाठ केली होती, पण तिसरे सूत्र मला या महिन्यात कळले. वाचकाला पुस्तक हवे असते हे समजायला सोपे आहे. एखाद्या पुस्तकालाही वाचक हवा असतो, आणि त्याला तोंड नसल्यामुळे त्याच्या वतीने कोणीतरी हाक मारावी लागते, ही गोष्ट मात्र खालच्या कप्प्यातील तो न सोडलेला गठ्ठा पाहिल्याशिवाय मला उमजली नसती.

ती हाक मारण्याची माझी रीत आता ठरून गेली आहे. परिपाठानंतर एक पुस्तक घ्यायचे, मुखपृष्ठ सगळ्यांना फिरवून दाखवायचे, पहिली पाच-सहा पाने चढउतारासह मोठ्याने वाचायची आणि गोष्ट अडली की पुस्तक मिटून सुतळीला लावायचे. परवा विहिरीत डोकावणाऱ्या मुलापाशी थांबले. त्या पुस्तकासाठी फळ्याच्या कोपऱ्यात अकरा जणांनी नंबर लावले आहेत.

५ सप्टेंबर

पाचवीतील एक मुलगा पुस्तकांकडे फिरकतच नव्हता. त्याला जोडाक्षरे वाचता येत नाहीत हे मला ठाऊक होते, आणि ते इतरांना कळू नये यासाठी तो किती जपतो हेही दिसत होते. हल्ली पुष्कळ बालपुस्तकांच्या मलपृष्ठावर वाचनाची पातळी छापलेली असते. शिक्षकाला तिचा उपयोग होतो, पण पाचवीतल्या मुलाच्या हातात "पातळी १" असे लिहिलेले पुस्तक चारचौघांत देणे म्हणजे त्याला भर वर्गात उघडे पाडणे आहे. म्हणून मी त्याला काम दिले. रोज मधल्या सुट्टीनंतर पहिलीच्या मुलांना एक पुस्तक वाचून दाखवायचे. त्यासाठी त्याला आदल्या दिवशी सोपे पुस्तक घरी न्यावेच लागते, आणि ते का नेतो हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कोणी हसत नाही. काल तो "गोष्ट" हा शब्द अडखळत का होईना, दोन्ही वेळा बरोबर म्हणाला.

काही मुलांना गोष्टी नको असतात, हेही आता मान्य केले आहे. त्यांना मोटार कशी चालते, विंचू पिल्ले पाठीवर का वागवतो, वाळू कुठून येते, हे हवे असते. आपण वाचन म्हणजे गोष्ट असे धरून चालतो आणि अशा मुलांना न वाचणारी ठरवतो. अख्ख्या पुस्तकाची धास्ती असणाऱ्यांसाठी बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे सुटे अंक फार उपयोगी पडले. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे वीस-पंचवीस अंक आमच्या कपाटात होते. त्यात कोडे सोडवून बाजूला ठेवले तरी चालते, आणि कोडे शोधताना मूल एखादा लेख वाचून जाते.

पुस्तक परिचयाची वही मात्र बंद केली. प्रत्येक पुस्तकाचा सारांश आणि तात्पर्य लिहायला लावले तेव्हा दोन आठवड्यांत नोंदी निम्म्यावर आल्या होत्या. त्याऐवजी पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवते. वाचणाऱ्याने पुढच्यासाठी काही लिहावे वाटले तर लिहावे, नाहीतर नाही. सापांच्या पुस्तकात आज ही चिठ्ठी मिळाली: "पान ११ वर लई मोठा साप हाय पण तो चावत न्हाई. भिऊ नको." अक्षर तिसरीतील एका अबोल मुलाचे आहे. तो वर्गात माझ्याशी एक वाक्यही बोलत नाही.

१५ ऑक्टोबर

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीनिमित्त राज्यातील शाळांत २०१५ पासून आजचा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. अहवालासाठी फोटो काढून पाठवले. देवघेव वहीत आजवर ६४८ नोंदी झाल्या आहेत. चार पुस्तके फाटली, ती खळीने आणि जुन्या कॅलेंडरच्या कागदाने मुलांनीच जोडली. दोन हरवली, त्यांतील एक शेजारच्या वस्तीवर, दुसऱ्याच शाळेतील मुलाच्या हातात सापडले. मी ते परत मागितले नाही, वाचून झाल्यावर आणून दे असे सांगितले.

परंतु आज मन दुसरीकडेच आहे. दसरा झाला. ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांनी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटलेली आहे, गाड्या भरायला सुरुवात झाली आहे, आणि आमच्या पटावरील निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील ऊसतोडीला जाणार आहेत. काही मुले आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतील. बाकीची जातील ती उन्हाळ्याच्या तोंडावर येतील. जिथे जातील तिथल्या शाळेत दाखवायची त्यांची शिक्षण हमी कार्डे भरत बसले होते, तेवढ्यात म्हशीच्या पुस्तकाची ती मुलगी दाराशी आली.

"बाई, कारखान्याला पुस्तक नेऊ का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, दिवा नसतो, उसाच्या पाचटाला आग लागते, पाऊस आला तर सगळे भिजते, हे सगळे मनात येऊन गेले; मुख्याध्यापक सरांना विचारले तेव्हा त्यांनीही तेच सांगितले, आणि त्यांचे खोटे नव्हते. जुलैमध्ये हीच कारणे मी कपाटाच्या कुलपाविषयी लिहिली होती. शेवटी सरांना म्हटले की नोंद माझ्या नावावर करते, भरून द्यावे लागले तर मी देईन. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि खताच्या गोणीतील आतली प्लॅस्टिकची पिशवी शिपायाकडून मागवून घेतली.

तिने निवडायला पाऊण तास लावला. म्हशीचे पुस्तक पहिल्यांदा काढले. मग सुतळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरली, पुस्तके उघडून मधलीच पाने वाचली, दोन परत लावली. एकूण आठ झाली. त्यांतील पाच तिने आजवर हातात घेतलेली नव्हती. भावासाठी बिनशब्दांचे एक होते, आणि विहिरीत डोकावणाऱ्या मुलाचेही, कारण तिचा नंबर नववा होता आणि तो यायच्या आत गाडी सुटणार होती. माझ्या मागे नंबर असलेल्या दोघींना विचारून आले आहे, असे तिने आपणहून सांगितले.

पिशवीचे तोंड बांधताना तिने कोऱ्या चिठ्ठ्या मागितल्या. तिथे शेजारच्या कोप्यांत दुसऱ्या गावांची मुले असतात, त्यांनी वाचले तर त्यांनाही लिहिता येईल, असे तिचे म्हणणे होते. मी जुन्या वहीची पाने चौकोनी कापून तीस चिठ्ठ्या दिल्या. देवघेव वहीत आठ दाखल क्रमांक लिहिले, आणि "परत" या रकान्यात पेन्सिलने "कारखान्यावरून आल्यावर" असे लिहून ठेवले.