आमची वाटचाल : पाटीपासून गुलालापर्यंत

मंगळवार पेठेतल्या आमच्या गाळ्यात बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पत्र्यावर प्रायमर, त्यावर खडू लावलेली दोरी ताणून उमटवलेल्या रेघा, मग चपट्या ब्रशने एका दमात ओढलेलं अक्षर. नाटकाचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर याच कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवून सिनेमाकडे वळले, हे बाबा आम्हाला अभिमानाने सांगत. त्यामुळे फ्लेक्स आला आणि पाट्यांची कामं आटली, तेव्हा 2005 साली कॉम्प्युटर घ्यायचा निर्णयही त्यांनीच घेतला.

पुढची सहा-सात वर्षं कोरलड्रॉ (डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर) यांत गेली. वाढदिवसाचे फलक, लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या. त्याच कामावर घर चाललं, धाकट्या भावाचं शिक्षण झालं. पण त्यात चित्र कुठेच नव्हतं. फोटोतले चेहरे कापायचे, तयार बॉर्डर लावायची, मागे सूर्यकिरण सोडायचे.

2012 मध्ये पहिला पेन टॅब्लेट घेतला, म्हणजे पेनाने काढलेली रेघ कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर उमटवणारा सपाट पॅड. हात टेबलावर आणि नजर स्क्रीनवर, ही सवय व्हायला दोन महिने लागले. टॅब्लेट वहीएवढा, त्यामुळे मनगट जरा हललं की स्क्रीनवर रेघ हातभर पळायची आणि थरथरायची. एक दिवस बाबा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, “मनगट काय हलवतीस? खांद्यातनं ओढ की.” त्या टॅब्लेटवर खांद्याला जागाच नव्हती. पैसे साठवून मोठा घेतला आणि रेघ सुधारली. पुढे आयपॅड आला, त्यावर चित्र काढायचं प्रोक्रिएट ॲप आलं, भाऊ क्रिटा या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रमला. रेघ आपोआप गुळगुळीत करून देणारी सोय या सगळ्यांत असते. आम्ही ती अगदी कमी ठेवतो. ब्रशचा दाब कुठे वाढला, कुठे सुटला, हे रेघेत दिसलं पाहिजे.

काय काढायचं, हे मात्र साधनं शिकवत नाहीत. ते आम्हाला जोतिबाच्या डोंगरावर कळलं. 2016 च्या चैत्र यात्रेला आम्ही दोघं बहीण-भाऊ स्केचबुक घेऊन वाडी रत्नागिरीला गेलो. उंच सासनकाठी, म्हणजे देवाच्या मानाची सजवलेली बांबूची काठी, एकजण पेलतो, आणि तिचा तोल चहूबाजूंनी दोर ताणून धरलेली माणसं राखतात. कुणाची टाच रुतलेली, कुणाच्या हाताची शीर फुगलेली. ‘चांगभलं’चा गजर झाला की वरून गुलाल, खोबरं. आजवर देवाचं चित्र म्हणजे मध्ये मूर्ती आणि मागे प्रभावळ, एवढंच आम्ही करत आलो होतो. त्या दिवसापासून आमच्या चित्रात माणसं आली.

त्या स्केचेसवरून बारा चित्रं केली आणि स्वतःच्या खर्चाने कॅलेंडरच्या 500 प्रती छापल्या. गठ्ठा फोडला तर गुलाल विटका, जांभळट. चूक आमची होती. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते. छपाईत चार शाया कागदावर बसतात आणि तो झगझगीत गुलाबी त्यांच्या आवाक्यात येतच नाही. आम्ही स्क्रीनवर विश्वासून, प्रूफ (छपाईचा नमुना) न काढता फाइल दिली होती. त्यातली एकही प्रत आम्ही विकली नाही.

दुसऱ्या वर्षी सुरुवातीपासूनच छपाईचे रंग धरून काम केलं. गुलालात मॅजेंटा (छपाईची गडद गुलाबी शाई) शंभर टक्के, पिवळा अगदी थोडा, निळा आणि काळा शून्य. काळा मिसळला की तो मरगळतो. आणि भोवतालचे रंग मुद्दाम उतरवले : दगडी भिंती करड्या, आकाश धुळकट. शेजार फिका पडला की तोच मॅजेंटा उजळतो. बाबांनी पान खिडकीपाशी नेऊन पाहिलं आणि बोट फिरवून बघितलं, हाताला लागतोय का.

आता पुस्तकांची चित्रं, मासिकांची मुखपृष्ठं, तालमी, रंकाळा, घाट असं काम आहे. फ्लेक्स आम्ही बंद केले. हल्ली काही ग्राहक एआयने बनवलेलं चित्र घेऊन येतात आणि ‘यात फक्त नाव टाका’ म्हणतात. एकात सासनकाठी सरळ उभी होती आणि तिचा एकही दोर कुणाच्या हातात नव्हता. मी त्यांना माझं स्केचबुक दाखवलं. त्यांनी चित्र नव्याने करायला सांगितलं. असं काम आम्ही हातानेच करतो, वेळ लागला तरी.

बाबांचा हात आता थरथरतो. त्यांनी जपलेले अक्षरांचे नमुने, वर्तमानपत्राच्या कागदावरचे, आम्ही स्कॅन करून त्यांचा फॉन्ट बनवतोय. अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात. बाबांचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा, मराठी. स्वर-व्यंजनं झाली, जोडाक्षरं चालू आहेत. ‘श्र’चा नमुना सापडत नव्हता. परवा बाबांनी ब्रश मागवला आणि भावाला मनगट धरायला सांगून तो स्वतः काढून दिला. तसाच ठेवलाय, कडा साफ केलेल्या नाहीत.