पाच वावांचं माकूल

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये द्रवात जपून ठेवलेले प्राणी आहेत, दोन कोटींहून जास्त. त्या कपाटांमधून लोकांना फिरवून आणणं हे माझं काम. फेरी संपते टाक्यांच्या खोलीत, आर्चीपाशी. ही महाकाय माकूल-मादी, म्हणजे जायंट स्क्विड, लांबी ८.६२ मीटर. मार्च २००४ मध्ये फॉकलंड बेटांजवळ एका ट्रॉलरच्या जाळ्यात आली. तिच्याबद्दल मी शेकडो वेळा बोलले असेन. त्या दिवशी मात्र गटात माझे बाबा होते.

बाबा मालवणचे. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर आयुष्य गेलं. इंग्रजी येत नाही, म्हणून तासभर ते मागे मागे चालले. आर्चीच्या टाकीशी आल्यावर मात्र पुढे झाले, दोन्ही हात पसरले आणि टोकापासून मोजत निघाले. लोक बाजूला सरकले. ''पाच वावांक उलीशी कमी,'' म्हणाले. आमच्याकडे होडीवर खोली आणि दोर असाच मोजतात, पसरलेल्या दोन हातांत मावेल तो एक वाव. मग लगेच, ''ह्यां खावक येता काय गो?''

''नाय बाबा. अमोनियाचो वास मारता.'' तिच्या मांसात अमोनियम क्लोराइडचं द्रावण असतं. ते समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून एवढं धूड फार हातपाय न मारता पाण्यात तरंगतं. बाबांना ते पटलं, पण चेहरा पडला. एवढं माकूल आणि कालवण नाही.

मग मी नेहमीची गोष्ट सांगायला लागले. जपानच्या ओगासावारा बेटांजवळ २०१२ च्या उन्हाळ्यात प्राणिशास्त्रज्ञ त्सुनेमी कुबोदेरा पाणबुडीतून उतरले, तेव्हा हा प्राणी त्याच्या घरात जिवंत हलताना कॅमेऱ्यात आला. श्रीमंत लोक हौसेखातर विकत घेतात तसली ती छोटी पाणबुडी, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा गोळा, आत तीन माणसं. आमिष म्हणून मीटरभर लांबीचं दुसरं माकूल बांधलेलं. साधारण ६३० मीटरवर ती महाकाय माकूल दिसली, आमिष धरून खाली निघाली, आणि तिच्यामागून हे नऊशे मीटरपर्यंत गेले. तिचे दोन लांब शुंडक तुटलेले होते. अंगाचा रंग चंदेरी-सोनेरी. आमच्या टाकीतली आर्ची पांढुरकी आहे. ही गोष्ट सांगताना मला दर वेळी तिच्याकडे बघवत नाही.

बाबांसाठी हे मालवणीत सांगत होते. त्यांनी मध्येच हात वर केला. ''दिवो लावलेलो?''

एलईडीचा झगझगाट करून मासे ओढणाऱ्या नौकांवर त्यांचा जुना राग आहे. त्यामुळे हा प्रश्न साधा नव्हता. मी सांगितलं, त्याच मोहिमेत समुद्रशास्त्रज्ञ एडिथ विडर होत्या. त्यांचं म्हणणं असं की पाणबुड्यांचा पांढरा उजेड आणि मोटारींचा आवाज या जनावरांना पळवून लावतो. म्हणून त्यांनी मोटार नसलेला कॅमेरा दोरीवर टांगला. त्याला लाल दिवा, तो तिथल्या प्राण्यांना दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. आणि सोबत एक छोटं निळं चक्र, जेलीफिशसारखं लुकलुकणारं. खोल समुद्रातली एक जेलीफिश कुणी धरली की असाच उजेड फिरवते. तिला खाणाऱ्याला खाणारा कुणीतरी येईल, ही तिची आशा.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ''म्हणजे चोर इलो म्हणान बोंब मारल्यान. बोंब आयकान वाघ इलो.''

मी ते तसंच इंग्रजीत गटाला सांगितलं. एका बाईंनी विचारलं, मग वाघ कुणावर गेला? खरंच, विडर यांच्या कॅमेऱ्यात आलेली माकूल निळ्या चक्रावर गेलीच नाही. ती शेजारच्या कॅमेऱ्याच्या सांगाड्यावर झेपावली. चोर समजून. मी हे आधीही सांगत असे, पण एक गंमत म्हणून, शेवटी. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते नीट कळलं.

गट बाहेर पडला तरी बाबा टाकीपाशीच होते. ६३० मीटर म्हणजे किती, विचारलं. साडेतीनशे वाव, मी म्हटलं. त्यांनी आयुष्यात चाळीस वावांखाली दोर सोडलेला नाही.

बसमध्ये बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, ''तेंनी जित्तां बगल्यानी.''