तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात देखण्या जागी वसलेलं शहर कोणतं?

बदलीच्या नोकरीमुळे देशाच्या चारी दिशांना राहणं झालं. त्यामुळे लग्नाकार्यात भेटलेलं कुणी ना कुणी विचारतंच, "काका, एवढी शहरं पाहिलीत, निसर्गानं सगळ्यात जास्त दिलंय ते कुठल्या शहराला?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा श्रीनगर नाहीतर उदयपूर असतं. मी गुवाहाटी म्हणतो. त्यावर "गुवाहाटी?" असा प्रश्न येतो, तेवढ्यात पंगत बसते आणि बोलणं तिथंच राहतं. ते इथे पुरं करतो.

मी शहरांबद्दल बोलतोय, थंड हवेच्या ठिकाणांबद्दल नाही. महाबळेश्वर, शिमला, दार्जिलिंग ही गावं हवेसाठी म्हणूनच वसवली गेली, त्यामुळे ती देखणी असणारच. शहर म्हणजे जिथे लोक पोटापाण्यासाठी येतात आणि पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आणि माझी कसोटी साधी आहे. डोंगर, पाणी, झाडी बघायला सुट्टी काढून जावं लागतं, की सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसालाही ती दिसते?

या कसोटीवर श्रीनगर फार वरचं आहे, ते मी मनापासून कबूल करतो. दल सरोवर, त्यामागे झबरवानचे डोंगर, मधून वाहणारी झेलम, एका बाजूला शंकराचार्य टेकडी तर दुसऱ्या बाजूला हरिपर्बत. पहाटे दलवर भाजीचा बाजार भरतो. होड्या एकमेकींना लागून उभ्या राहतात आणि पाण्यावर तरंगणाऱ्या वाफ्यांतली भाजी तिथेच हातोहात विकली जाते. शहराच्या कडेलाच दाचीगामचं जंगल आहे. काश्मीरचं हंगूल हरीण तिथं आहे, आणि तिथलंच पाणी हारवनमार्गे शहराच्या नळांना येतं. नुसत्या देखणेपणाचा प्रश्न असता तर पहिला नंबर श्रीनगरचाच. पण तिथलं सौंदर्य एका बाजूला एकवटलेलं आहे. दलच्या काठच्या बुलेवार्ड रस्त्यावर जे दिसतं ते बटमालूच्या वस्तीत दिसत नाही. आणि दल वर्षानुवर्षं आक्रसत चाललंय, हे तिथला कुणीही सांगेल.

उदयपूरबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. ते सुंदर आहे, पण ती माणसाची करणी आहे. पिछोला तलाव चौदाव्या शतकात एका बंजाऱ्यानं बांधला असं सांगतात. शहर त्यानंतर दोनेकशे वर्षांनी महाराणा उदयसिंहांनी वसवलं आणि तळंही वाढवलं. फतेहसागरही बांधलेलाच. अरवलीच्या कोरड्या खोऱ्यात पाणी अडवून असं शहर उभं करणं ही थोर गोष्ट आहे, मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो. पण पावसानं दगा दिला की पिछोला आटतो, मग घाट, महाल सगळं उघडं पडतं. निसर्गाचं दान मोजायचं असेल तर उदयपूर खाली येतं.

विशाखापट्टणम मात्र आपल्याकडे कुणाच्या खिजगणतीत नाही, याचं मला वाईट वाटतं. पूर्व घाट एरवी किनाऱ्यापासून लांब लांब राहतो, इथे तो थेट समुद्राला येऊन भिडतो. कैलासगिरीवरून पाहिलं की किनाऱ्याचं लांबलचक वळण आणि त्याच्या टोकाला समुद्रात घुसलेला डॉल्फिन्स नोजचा डोंगर एका नजरेत येतो. त्याच डोंगराच्या आडोशानं बंदर झालं. भीमुनिपट्टणमच्या रस्त्याला लाल मातीच्या टेकड्या आहेत, पावसानं चिरत नेलेल्या. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद वादळ नेमकं या शहरावर आलं आणि डोंगरावरची झाडी ओरबाडून गेलं. ती पुन्हा उभी राहिली. माझ्या यादीत विशाखापट्टणम उदयपूरच्या बरंच वर आहे.

आता गुवाहाटी.

मेघालयाच्या पठाराचा जुना कठीण खडक इथे टेकड्यांच्या रूपानं ब्रह्मपुत्रेपर्यंत आलाय, आणि नदीच्या पलीकडेही टेकड्या आहेत. आसामात इतरत्र ब्रह्मपुत्रा मैलोन्‌मैल पसरते, दर पावसाळ्यात काठ खाते आणि पात्र बदलते. गुवाहाटीत दोन्हीकडच्या खडकानं ती आवळली जाते. इथे तिचं पात्र जेमतेम सव्वा किलोमीटर उरतं, म्हणून शहराला तिच्या अगदी काठावर बसता आलं. नीलाचल, चित्राचल, नरकासुर, खारघुली, फटाशील अशा टेकड्या शहराच्या मध्येच उभ्या आहेत. रस्ते त्यांना वळसे घालत जातात. त्यामुळे कुठल्याही चौकात उभं राहा, एखादी हिरवी टेकडी समोर असतेच.

याच चिंचोळ्या पात्रानं इतिहास घडवला. १६७१ मध्ये इथल्याच सराईघाटला आसामवर राज्य करणाऱ्या आहोमांच्या आरमारानं, सेनापती लाचित बरफुकनांच्या हाताखाली, मोगलांना हरवलं. मोगलांचा सेनापती होता रामसिंह, मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा, ज्याच्यावर आग्र्यात शिवाजी महाराजांची जबाबदारी होती तोच. महाराज निसटले, रामसिंहावर बादशहाची मर्जी फिरली आणि त्याची रवानगी आसामच्या मोहिमेवर झाली. उघड्या मैदानात मोगल फौजेपुढे टिकाव लागणं कठीण होतं. इथे दोन्ही काठांवर टेकड्या आणि मध्ये वेगानं वाहणारी नदी, त्यामुळे लढाई पाण्यावर आली आणि पाणी आहोमांच्या सरावाचं होतं. ती जागा डोळ्यांनी पाहिली की लढाई समजते.

मी तिथे होतो तेव्हा उत्तर गुवाहाटीहून रोज होडीनं कामाला येणारे सहकारी होते. राजादुवारच्या घाटावर लोक सायकली, स्कूटरी होडीवर चढवायचे, बायका भाजीच्या टोपल्या मध्ये ठेवून बसायच्या. मधे उमानंदाचं बेट, झाडीत लपलेलं देऊळ. अधूनमधून नदीतला डॉल्फिन पाठ वर काढायचा. तिथे त्याला शिहू म्हणतात, आणि २०१६ मध्ये गुवाहाटीकरांनी मतदान करून त्याला आपल्या शहराचा प्राणी म्हणून निवडलं. होडीतल्या कुणाला त्याचं नवल नसायचं. मी मात्र दर वेळी उठून उभा राहायचो. सकाळी उझानबाजारला नदीकाठीच मासळी उतरते. चितल, बराली, आरी अजून फडफडत असतात आणि गिऱ्हाईक हातानं दाबून, कल्ले उचलून बघत असतं. ऑफिसला जाता-येता, बाजार करता-करता नदी भेटते. माझ्या कसोटीला उतरणारं असं दुसरं शहर मला भारतात दिसलं नाही.

आणि शहराच्या पश्चिम कडेला दीपोर बील आहे. २००२ पासून हे पाणथळ रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. राणी-गरभंगाच्या जंगलातले हत्ती इथे पाण्यावर येतात, हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी उतरतात. हरगिला नावाचा माणसाच्या छातीइतका उंच करकोचा इथे दिसतो. जगात तो आता मोजक्याच ठिकाणी उरलाय.

हे सगळं सांगताना मला रागही येतो, तो लपवत नाही. हत्तींच्या वाटेवरून रेल्वेचा रूळ जातो आणि त्यावर हत्ती मेलेत. शहराचा कचरा वर्षानुवर्षं बिलाच्या शेजारी टाकला गेला. टेकड्या कापून घरं झाली, त्यामुळे जोराचा पाऊस आला की लाल माती खाली येते, गटारं बुजतात आणि अनिलनगरसारख्या वस्त्यांत कंबरभर पाणी भरतं. भरलू नदीचा नाला झालाय. निसर्गानं इतकं भरभरून दिलेल्या शहराशी असं वागणं मला सोसत नाही, आणि तिथले कितीतरी लोक याविरुद्ध चिकाटीनं लढतात हे मी पाहिलंय.

महाराष्ट्रापुरतं विचाराल तर मी सातारा म्हणेन. अजिंक्यताऱ्याच्या कुशीत गाव, समोर यवतेश्वर, खाली संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम, आणि वर कासच्या तलावातून गावाला येणारं पाणी. मुंबईचं नाव काढलं नाही की मुंबईकर नाराज होतात, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. शहराच्या पोटात बिबट्यांसकट शंभर चौरस किलोमीटरचं जंगल आणि खाडीत रोहित पक्षी हे भाग्य फार थोड्या महानगरांना लाभलंय. पण बोरिवलीहून चर्चगेटला लोकलनं जाणाऱ्याला त्यातलं किती दिसतं?

गुवाहाटीला जायचं ठरवलंत तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. कामाख्येचं दर्शन घेऊन सगळे तिथूनच मागे फिरतात. तुम्ही नीलाचलावर आणखी थोडं वर, भुवनेश्वरीच्या देवळापर्यंत जा. तिथून नदी, बेट, दोन्ही काठ आणि टेकड्यांमधून पसरलेलं शहर एकत्र दिसतं. येताना कचारी घाटावरून रोपवेनं नदी ओलांडा, जमलं तर एक फेरी होडीनंही करा. दीपोर बिलाला मात्र अर्धा दिवस वेगळा ठेवा, आणि दुर्बीण न्या.