तुम्ही विचारलंत म्हणून: थीम पार्कात तिखट कशाला शोधायचं?

बडोद्याहून ग्रुप निघायच्या आधी आम्ही सगळ्यांना एकदा बोलावतो. पासपोर्ट, औषधं, सामानाचं वजन सांगून झालं की कोणीतरी विचारतंच, ‘ताई, त्या पार्कात तिखट काही मिळतं का?’ परत आल्यावरचा प्रश्न वेगळा असतो आणि तो मला जास्त लागतो: ‘एक दिवस केचप लावून खाल्लं तर काय बिघडतं? तुम्ही त्या तिखटाच्या एवढ्या मागे का लागता?’ पहिल्याचं उत्तर देऊन देऊन पाठ झालंय. दुसऱ्याचं मी आजवर टाळत आले. आता दोन्ही एकदाच लिहून टाकते.

मिळतं. पण मेन्यूबोर्डावर पदार्थापुढे मिरचीची तीन चित्रं काढली आहेत म्हणून भुलू नका. ती चित्रं त्याच बोर्डावरच्या बाकीच्या पदार्थांच्या मानाने असतात. अमेरिकेत फ्लॉरिडातल्या डिस्नीचं एप्कॉट हे पार्क घ्या. १९८२ साली ते सुरू झालं. तिथे तळ्याभोवती ११ देशांची दालनं आहेत, मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत, आणि प्रत्येकाचं आपापलं खाणं. त्यात भारत नाही. आपली माणसं जगभरचं जेवण म्हणून आशेने तळ्याला पूर्ण प्रदक्षिणा घालतात आणि अर्ध्याअधिकांच्या हातात शेवटी फ्रेंच फ्राइज असतात. खरं तिखट हवं असेल तर पार्काबाहेर, अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नीच्याच हॉटेलच्या किदानी व्हिलेज भागात ‘सना’ नावाचं रेस्टॉरंट आहे. तिथे भारतीय धाटणीच्या रोट्या आणि सोबत ९ वाट्या चटण्या-लोणची येतात. त्यात लसणाचं लोणचं, लाल मिरचीचं सांबल (वाटलेल्या मिरचीची ओली चटणी) आणि लिंबू-हालापेन्यो मिरचीचं लोणचं मागून घ्या. टेबल आधी राखून ठेवावं लागतं. बाहेर जिराफ चरताना दिसतात, त्यामुळे मुलंही बसून राहतात.

शिवाय फ्लॉरिडातल्या डिस्नी पार्कांत आपलं खाणं आत नेता येतं. काचेची बरणी तेवढी चालत नाही. म्हणून मी सांगते, लसणाची कोरडी चटणी प्लास्टिकच्या डब्यात घ्या. सिंगापूरला तर काळजीच नको. तिथे जेवणाच्या काउंटरवर ‘कट चिली’, म्हणजे चिरलेली मिरची, किंवा सांबल मागितलं तर समोरच्याला त्यात काही विशेष वाटत नाही. त्यांच्या घरी रोज तेच असतं.

आणि टेबलावरच्या टबॅस्को या मिरचीच्या सॉसच्या बाटलीवर भिस्त ठेवू नका. मिरचीचा तिखटपणा मोजायची रीत विल्बर स्कोविल यांनी १९१२ साली काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तो तिखट लागेनासा झाला की किती पट पाणी लागलं ते लिहायचं. आता हे काम यंत्र करतं, पण एकक त्यांच्याच नावाने चालतं. त्या मापात साधा लाल टबॅस्को २,५०० ते ५,००० च्या आसपास येतो आणि आग्नेय आशियातली बारकी बर्ड्स आय मिरची ५०,००० ते १,००,०००. वर टबॅस्को पडला व्हिनेगरमधला. आधी आंबट लागतो, मग थोडं चुरचुरतं, संपलं. मिरचीला तिखट करणारं द्रव्य, कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. तेलावर आलेल्या तिखटाची जी पकड असते ती व्हिनेगरच्या थेंबांना येत नाही.

पार्कवाले जेवण असं मिळमिळीत का ठेवतात, हेही मला कळतं. मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या माणसांशी बोलले आहे. एका दिवसात हजारो लोक येतात, त्यात निम्मी मुलं. ग्रेव्ही सकाळी मोठ्या स्वयंपाकघरातून तयार होऊन येते आणि गरम पाण्याच्या ट्रेमध्ये तासन् तास बसते. काउंटरवरचा मुलगा फक्त वाढतो, तिच्यात काही करू शकत नाही. पदार्थात मिरची कमी पडली तर कोणी तक्रार करत नाही, जास्त झाली तर लहान मुलाची आई तावातावाने येते. आणि एकदा पडलेली मिरची काढता येत नाही. हे सगळं मान्य.

मान्य नाही ते यापुढचं. यावर काही उपायच नाही असं ते म्हणतात तेव्हा मला त्यांना धरून बडोद्यात कीर्तिस्तंभाजवळ, सेव उसळीच्या गाडीपाशी आणावंसं वाटतं. पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे आम्हाला म्हणतात, तुम्ही बडोदेकर, वरणात गूळ घालणारे, तुम्हाला कसली आलीय तिखटाची सवय. त्यांनी आमची सेव उसळ खाल्लेली नसते. वाटाण्याची उसळ साधी, जवळजवळ निरुपद्रवी. तीवर शेव, कांद्याची पात, सोबत पाव. आणि वरून घालायची ‘तरी’, म्हणजे तिखट कट, वेगळी. लालभडक, तेलाची, लसूण-मिरचीची, वेगळ्या भांड्यात. पाच वर्षांचं पोर तरी न घालता खातं, त्याचा बाप दोन चमचे घालतो, आजोबा थेट वाटी ओततात. एकच कढई, एकच गाडी, तिघंही जेवून उठतात. जी गोष्ट रस्त्याकडेच्या माणसाला सुचली ती एवढ्या मोठ्या संस्थांना का सुचू नये? तिखट वेगळं ठेवा, मागेल त्याला द्या, एवढंच तर म्हणणं आहे.

आता दुसरा प्रश्न.

माझे बाबा रावपुऱ्यात स्कूटरवरून पडले. हात मोडला तो जुळला. डोक्याला मागून मार बसला होता, पण टाके निघाले तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. मग घरी आल्यावर एकदा दूध उतू जाऊन करपलं आणि बाबा शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत बसलेले. त्यांना वास आलाच नव्हता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नाकाच्या वर चाळणीसारखं हाड असतं, त्यातून वासाचे बारीक तंतू मेंदूकडे जातात, जोराचा हिसका बसला तर ते तुटतात. कधी परत जुळतात, कधी नाही. बाबांचे नाही जुळले.

वास गेला की जेवण जातं. आंबट, खारट, गोड, कडू एवढं जिभेला कळतं, पण आमटी आणि सार यांतला फरक कळत नाही. गोडा मसाला नाही, तूप नाही, कोथिंबीर नाही. बाबा म्हणायचे, ‘ओला कागद चावल्यासारखं वाटतं.’ तिखट मात्र शिल्लक राहिलं. कारण मिरचीची आग वासाच्या वाटेने येतच नाही, उष्णता आणि वेदना सांगणाऱ्या मज्जातंतूंतून येते. कॅप्सेसिन त्या तंतूंवरच्या ज्या रिसेप्टरला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या ग्राहीला, जागं करतं तोच ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेलाही जागा होतो. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञांनी तो १९९७ साली शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. मी हे वाचलं ते बाबांमुळेच. त्यांना घासाघासाला हिरव्या मिरचीचा ठेचा लागायचा, आणि तो का लागतो ते मला कोणाला तरी नीट सांगता यायला हवं होतं.

तर, आपल्याच देशातलं एक मोठं पार्क. नाव घेत नाही. आमचा ग्रुप होता, सुट्टी होती, मी बाबांना आणि भाच्याला बरोबर घेतलं. बाबांच्या शर्टाच्या खिशात स्टीलची चपटी डबी होती, झाकणावर आईचं नाव कोरलेलं. त्यात ठेचा. गेटवर बॅगा तपासत होते. तिथल्या बाईंनी डबी उघडायला लावली आणि म्हणाल्या, ‘अंकल, खाने का सामान अंदर अलाउड नहीं है.’ मी पुढे होऊन सांगितलं की यांना वास येत नाही, हे औषधासारखं आहे. त्यांनी विचारलं, डॉक्टरांची चिठ्ठी आहे का? ठेच्याची चिठ्ठी कोण देणार? मी म्हटलं, लॉकरमध्ये ठेवतो. लॉकरमध्ये खाण्याचं चालत नाही. बाबा म्हणाले, ‘मग इथेच खाऊन टाकतो.’ मागे रांग थांबलेली. कोणीतरी म्हणालं, ‘चलो ना अंकल, बच्चे धूप में खडे हैं.’ त्या बाई वाईट नव्हत्या. डबी ठेवा, आतलं तेवढं टाका, म्हणाल्या.

बाबांनी कचऱ्याच्या पिंपापाशी उभं राहून बोटाने डबी निपटली. कडेकडेचं, कोपऱ्यातलं सगळं. मग रुमालाने पुसून ती परत खिशात ठेवली. मी तिकिटं हातात धरून नुसती बघत होते.

दुपारी फूड कोर्टात तीन मिरच्यांचं चित्र असलेली पनीरची भाजी घेतली. केशरी रंगाची, टोमॅटो आणि क्रीमची, गोड. बाबांनी दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला. मी काउंटरवर जाऊन चिरलेली हिरवी मिरची मागितली. नाही म्हणाले. चिली फ्लेक्सची पाकिटं पिझ्झाच्या काउंटरवर होती, ती पिझ्झा घेणाऱ्यांसाठी. मी म्हटलं, पिझ्झाचे पैसे देते, पाकीट द्या. रांग लांब होती, पाकीट हातात येईपर्यंत भाजी थंड झालेली. ते चिली फ्लेक्स जुने होते, रंग तेवढा होता. सुपरवायझर आले, नम्रपणे म्हणाले, ‘मॅडम, फॅमिली पार्क है, बच्चे भी खाते हैं.’ मी त्यांच्याशी वाद घालायला लागले तेव्हा बाबांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

‘अगं, मला चव नकोय,’ ते म्हणाले, ‘तोंडात काहीतरी आहे एवढं कळू दे.’

त्या दिवशी त्यांनी मग काही खाल्लं नाही. संध्याकाळी भाच्याने त्यांना बुढ्ढी का बाल दिलं, ते त्यांनी त्याच्या समाधानासाठी जिभेवर ठेवलं. रात्री हॉटेलवर मी रूम सर्व्हिसला सांगून वरण-भात आणि मिरच्या मागवल्या. चार मिरच्या मिठाला लावून ते जेवले. त्यानंतर बाबा कुठल्याही पार्कात आले नाहीत. मी विचारते, ते म्हणतात, गर्दी नको वाटते.

म्हणून मी मागे लागते. कोणाला वाटतं, आम्ही किती तिखट खातो ते मिरवायचंय. घामाघूम होऊन शर्यत लावणाऱ्यांशी माझं काही देणंघेणं नाही. कोणाला वाटतं, पैसे भरलेत म्हणून हट्ट आहे. तेही थोडं आहे, लपवत नाही. दिवसभराचं तिकीट, आत दुसरा पर्याय नाही, घरचं आणू देत नाही. मग आतल्या ताटाची जबाबदारी कोणाची?

या व्यवसायात नवी असताना मीच ग्रुपला दटावायचे. आपण झोपाळे बघायला आलोय की खायला? एक दिवस जमवून घ्या. तेव्हाच्या त्या मुलीशी माझं अजून भांडण चालू असतं आणि ती दर वेळी हरतेच असं नाही. ती मला आठवण करून देते की तिखट खाऊन लगेच रोलर कोस्टरवर बसलेल्या एका काकूंना उतरल्यावर सावरायला मीच होते. चुकून सांबल तोंडात गेलेल्या पोराला दूध शोधत मीच धावले होते. पाण्याने आग जात नाही, दुधातल्या केसिन या प्रथिनाने जाते, हे तेव्हा शिकले. ती म्हणते, सगळ्यांना बाबांसारखं कारण नसतं. बहुतेकांना नुसती सवय असते, सवयीसाठी अख्ख्या पार्काने का बदलायचं? यावर माझ्यापाशी पक्कं उत्तर नाही. सवय हे कारण लहान आहे असं मला म्हणवत नाही, आणि एखाद्याची सवय दुसऱ्याच्या पोराला बाधू नये हेही खरंच आहे. उसळीसारखी ‘तरी’ वेगळी ठेवली तर दोन्ही साधतं असं मी म्हणते. ती म्हणते, रांगेत, उन्हात, मिरचीचे हात डोळ्यांना लावणारी मुलं तू पाहिली नाहीस का? पाहिली आहेत.

बाबांचं तर मत याहून निराळं आहे. ते म्हणतात, ‘माझ्या नावावर भांडू नकोस. त्या बाईचं काम होतं ते.’ मी हे लिहितेय हे त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं की ठेचा मिक्सरचा नाही, खलबत्त्यातला होता, हे लिहिलंस का? लिहिलं, बाबा.

आता मी एक करते. बुकिंगच्या मेलमध्ये जेवणाखाली एक ओळ घालते: चिरलेली हिरवी मिरची आणि मीठ, मागेल त्याला, वेगळ्या वाटीत. काही ठिकाणांहून होकार येतो, काही ठिकाणांहून ‘प्रयत्न करू’. काही जण उत्तरच देत नाहीत आणि मग प्रत्यक्ष काउंटरवर उभं राहून मागावं लागतं. दिवाळीच्या ग्रुपसाठी परवाच असा मेल गेलाय. तुमच्यापैकी कोणाच्या घरी बाबांसारखं कोणी असेल तर मीटिंगच्या आधी मला वेगळं सांगा, डॉक्टरांची चिठ्ठी काढून ठेवा. मी ती गेटवर दाखवेन. चालेल की नाही, माहीत नाही.