आई, मग नोकरी मिळेल ना?

कॉम्प्युटर नेटवर्किंग शिकायला मी संध्याकाळी कॉलेजला जाते. काल रात्री साडेदहाला घरी आले, तर लेक जागीच. “आई, हे सगळं करून नोकरी नक्की मिळेल ना?” मला उत्तर सुचलं नाही. सकाळपासून तेच डोक्यात आहे.

खर्च मांडणं सोपं आहे. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात इथल्या रहिवाशांना युनिटमागे, म्हणजे क्रेडिटमागे, 46 डॉलर. नेटवर्किंगचे माझे तीन कोर्स, प्रत्येकी 3 युनिटचे, म्हणजे 414. पण कॉलेजचं सर्टिफिकेट वेगळं आणि सीसीएनए वेगळं. ती सिस्को या नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीची परीक्षा, तिचे आणखी 300, आणि ते सर्टिफिकेटही 3 वर्षंच चालतं. हे मला पहिल्या सेमिस्टरनंतर कळलं. प्रवेश घेतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं.

संध्याकाळच्या तासांचा हिशेब मात्र लागत नाही.

काल लॅबमध्ये चाळीस मिनिटं पिंगला, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरला मारलेल्या हाकेला, उत्तरच येत नव्हतं. सबनेट मास्क, म्हणजे कुठले पत्ते एकाच नेटवर्कात हे ठरवणारा आकडा, चुकला होता. मीच शोधला. शेजारी बसणारा मुलगा गोदामात रात्रपाळी करतो. तो म्हणाला, “यूट्यूबवर हे कधी बिघडतच नाही.” खरंय. त्या बिघडण्याचेच पैसे मी भरतेय, आणि ते मला महाग वाटत नाहीत.

पहिली नोकरी हेल्पडेस्कची, म्हणजे लोकांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी सोडवण्याची असेल, हे धरूनच चाललेय. या वाटेने कुणी गेलंय का? तुम्ही घरी काय सांगितलंत?