फॉर्मवर सही केली म्हणजे इन्शुरन्स झाला असं नाही

गिर्यारोहण क्लबची मेंबरशिप रिन्यू करायची वेळ आली की हमखास एक प्रश्न येतो, "फॉर्म भरून दिलाय, म्हणजे माझा इन्शुरन्स झाला ना?" आणि कोणीतरी तितक्याच सहज सांगून टाकतं की हो, झाला. नाही झाला. क्लबच्या कामात बरीच वर्षं आहे आणि हा एक गैरसमज मला खरंच अस्वस्थ करतो, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

वेव्हर म्हणा, रिस्क फॉर्म म्हणा, डिस्क्लेमर म्हणा, तो कागद क्लबसाठी असतो. त्यात तुम्ही एवढंच लिहून देता की डोंगरात धोका आहे हे मला माहीत आहे, मी माझ्या मर्जीने येतोय आणि काही झालं तर क्लबला जबाबदार धरणार नाही. त्या कागदातून हॉस्पिटलचं बिल भरलं जात नाही, स्ट्रेचर येत नाही, सहा महिने घरी बसावं लागलं तर घर चालत नाही. उलट नीट विचार केला तर सही केल्यावर तुमची इन्शुरन्सची गरज वाढते, कारण नुकसानभरपाई मागायचा एक रस्ता तुम्ही स्वतःच बंद करून टाकलेला असतो.

आता याची दुसरी बाजू. कमिटीतल्या लोकांना वाटतं की सह्या घेतल्यात ना, मग आपल्याला कोणी हात लावू शकत नाही. हे पण तितकंसं खरं नाही आणि देशागणिक वेगळं आहे. ब्रिटनमध्ये 1977 चा कायदा सांगतो की व्यवसाय म्हणून काम करणाऱ्याला स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी कागद लिहून घेऊन झटकता येत नाही. कॅनडातल्या क्विबेक प्रांताच्या नागरी संहितेत कलम 1474 आहे, त्यानुसार दुसऱ्याला झालेल्या शारीरिक इजेची जबाबदारी कोणालाच अशी नाकारता येत नाही. अमेरिकेत राज्याराज्यात फरक आहे, बऱ्याच ठिकाणी साध्या चुकीपुरता वेव्हर टिकतो पण घोर निष्काळजीपणा असेल तर सहसा नाही टिकत. आणि न्यूझीलंडची गंमत पूर्ण वेगळी, तिथे 1974 पासून सरकारी अपघात भरपाई योजना आहे, चूक कोणाची हे न बघता उपचाराला मदत मिळते आणि त्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी कोर्टात जायचा हक्क जवळपास नाहीच. म्हणजे एका देशातल्या क्लबचा फॉर्म नेटवरून उचलून दुसऱ्या देशात वापरला तर तो कामाचा असेलच असं नाही. तरी लोक सर्रास तेच करतात, खाली कुठल्यातरी परक्या शहराच्या कोर्टाचं नाव तसंच राहिलेलं असतं! स्थानिक वकिलाकडून एकदा फॉर्म वाचून घ्या, तेवढा खर्च क्लबने करायलाच हवा.

साधी चूक आणि घोर निष्काळजीपणा हा फरक डोंगरातल्या भाषेत सांगते. वरून दगड सुटला आणि हेल्मेट असूनही खांद्यावर बसला, हा डोंगराचा धोका, फॉर्ममध्ये जे मान्य केलंय ते हेच. पण कातळावर आधीच्या कुठल्यातरी टीमने सोडून दिलेली टेप स्लिंग (दोर अडकवायचा पट्ट्याचा फास) आहे, उन्हाने रंग उडालाय, हाताला पुठ्ठ्यासारखी कडक लागतेय, गाठीपाशी धागे सुटलेत, आणि लीडरने बॅकअप न लावता त्याच एका स्लिंगवर सगळ्यांना रॅपल करायला (दोरावरून खाली उतरायला) लावलं, तर हा धोका डोंगराचा नाही. आलेल्या माणसाने ही रिस्क मान्य केली होती असं म्हणायला मला तरी तोंड नाही, आणि कोर्टही ते सहज मान्य करेल असं समजू नका.

सही घेतात कशी ते पण बघा. रात्री बस निघायच्या वेळेला, मोबाईलच्या टॉर्चमध्ये, पुढच्याच्या पाठीवर कागद टेकवून, "कर रे पटकन, उशीर होतोय". ना त्याने वाचलं, ना कोणी सांगितलं. अशा सहीला मी सही मानत नाही. फॉर्म आठवडाभर आधी हातात पडला पाहिजे आणि त्यात त्या मोहिमेचं खरं वर्णन पाहिजे, किती तास चाल आहे, एका बाजूला दरी असलेला ट्रॅव्हर्स (आडवी चाल) आहे का, रोप कुठे लागणार, पाण्याचा प्रवाह ओलांडायचाय का, मोबाईलला रेंज कुठपर्यंत, जवळचं हॉस्पिटल किती लांब. "गिर्यारोहण धोकादायक असू शकते" एवढ्या एका ओळीने कोणाला काय कळणार? आणि नीट वाचून एखाद्याने फोन करून सांगितलं की हे मला झेपणार नाही, मी या वेळी नाही येत, तर फॉर्मचं सगळ्यात मोठं काम तिथेच झालं. कोर्टकचेरीच्या बचावापेक्षा मला हे काम जास्त महत्त्वाचं वाटतं.

एका कलमाबद्दल माझं मत अगदी ठाम आहे. बऱ्याच फॉर्ममध्ये खाली कुठेतरी असं असतं की "माझ्या वतीने वा माझ्या वारसांनी केलेल्या कोणत्याही दाव्यामुळे क्लबला झालेला खर्च मी किंवा माझे वारस भरून देतील." याचा अर्थ नीट समजून घ्या. मी मेले, माझ्या घरच्यांनी क्लबला जाब विचारला, तर त्या खटल्याचा खर्च माझ्याच घरच्यांच्या माथी! सगळे एकमेकांचे दोस्त असलेल्या क्लबच्या फॉर्ममध्ये हे कलम का असावं? काढून टाका. आणि लहान मुलांचं म्हणाल तर अनेक ठिकाणी आईवडिलांच्या सहीने मुलाचा स्वतःचा हक्क जात नाही, त्यामुळे ज्युनियर कॅम्पचा फॉर्म हा माहिती आणि उपचाराची परवानगी म्हणून घ्यावा, ढाल म्हणून नको.

आता इन्शुरन्स. इथे खरा घोळ आहे कारण लोक "पॉलिसी आहे" म्हणतात आणि कसली ते विचारलं की गप्प. पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ठरलेली रक्कम देते, कड्यावरून खाली आणायचा खर्च त्यात असेलच असं नाही. हेल्थ पॉलिसी हॉस्पिटलचं बघते, पण एक्सक्लूजनच्या, म्हणजे काय काय वगळलंय त्याच्या, पानावर बऱ्याचदा साहसी खेळ असतात. मग "दोरी किंवा गाईडची गरज लागणारे गिर्यारोहण वगळून" असं एक वाक्य अनेक पॉलिसींमध्ये सापडतं आणि त्याच्यावर सगळं अडतं. दिवसभराचा साधा ट्रेक, मध्ये एक छोटा पॅच जिथे सेफ्टीसाठी दोरी लावली, हा ट्रेक की गिर्यारोहण? फोनवर एजंट म्हणेल "होऊन जाईल". ते धरू नका, ईमेलवर विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

उंचीची मर्यादा असतेच असते. ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबच्या मेंबरशिपमध्ये रेस्क्यूचं कव्हर येतं, म्हणून जगभरातले लोक त्याचे मेंबर होतात, पण 6000 मीटरच्या वरच्या शिखराची मोहीम त्यात बसत नाही. 6100 चं शिखर ठरवलं असेल तर बेस कॅम्पची चाल कितीही सोपी असली तरी मोहिमेचं टार्गेट बघितलं जातं, हे आधी माहीत पाहिजे. शोधणं आणि सोडवणं पण वेगळं असतं, माणूस कुठे आहे हेच माहीत नसेल तर शोधण्याचा खर्च काही पॉलिसी देतच नाहीत. देशाप्रमाणे पण बदलतं, फ्रान्समध्ये डोंगरातला सरकारी रेस्क्यू साधारणपणे फुकट, ऑस्ट्रियात मात्र हेलिकॉप्टरचं बिल घरी येतं. स्वित्झर्लंडमध्ये रेगा नावाची हवाई रेस्क्यू संस्था आहे, तिला दरवर्षी वर्गणी देणाऱ्यांचा न भरला गेलेला खर्च ती माफ करू शकते, पण तो इन्शुरन्स नाही, तिची मर्जी आहे, असं ती स्वतःच सांगते. आणि बऱ्याच पॉलिसींत हेलिकॉप्टर बोलवायच्या आधी कंपनीच्या इमर्जन्सी नंबरवर कळवावं लागतं, नाहीतर क्लेम अडकतो. तो नंबर आणि पॉलिसी नंबर कागदावर लिहून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, एक कॉपी लीडरकडे, कारण पडलेल्या माणसाचा मोबाईल बहुतेक वेळा फुटलेला किंवा लॉक असतो.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे लायबिलिटी, दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची जबाबदारी. आपले लीडर पगार घेत नाहीत, सुट्टीचा दिवस देऊन दुसऱ्यांना घेऊन जातात, आणि दावा झाला तर नाव त्यांचंच येऊ शकतं. क्लब रजिस्टर्ड नसेल तर कायद्याच्या नजरेत क्लब म्हणून वेगळं कोणी नसतंच, बऱ्याच ठिकाणी कमिटीतली माणसं व्यक्तिशः अडकतात. त्यामुळे क्लबने लायबिलिटी पॉलिसी घ्यायलाच हवी, पण घेताना एक प्रश्न विचाराच, एका मेंबरने दुसऱ्या मेंबरवर केलेला दावा यात धरलाय का? थर्ड पार्टी म्हटलं की विमेवाल्यांच्या डोळ्यासमोर बाहेरचा माणूस असतो. आपल्याकडे मात्र बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणाराही मेंबर आणि पडणाराही मेंबर. बिले देणाऱ्याचं लक्ष क्षणभर हललं, दोर हातातून सरकला, जोडीदाराचा घोटा मोडला, तर हा दावा कोण बघणार? ते वाक्य पॉलिसीत नसेल तर आपल्या निम्म्या अपघातांना ती पॉलिसी लागूच होत नाही असं समजा. लीडरला मानधन दिलं तर तो व्यावसायिक गाईड धरला जाऊ शकतो आणि क्लबच्या पॉलिसीबाहेर पडतो, खर्च वाटून घेणं वेगळं आणि फी देणं वेगळं, हे पण लेखी विचारून घ्या. पाहुणे म्हणून आलेले, अजून मेंबर नसलेले लोक कव्हरमध्ये आहेत का, तेही त्याच ईमेलमध्ये.

आणि रिन्यूअल करताना नॉमिनीची जागा बघा. कॉलेजमध्ये असताना भरलेला फॉर्म, नॉमिनी वडील, ते आता नाहीत, मध्ये लग्न झालं, मुलं झाली, नाव तेच. अशा वेळी पैसे बुडत नाहीत पण वारसाची कागदपत्रं गोळा करण्यात घरच्यांचे महिने जातात, तेही नेमके कुठल्या दिवसांत. पाच मिनिटांचं काम आहे, कमिटीने प्रत्येक मेंबरकडून समोर बसवून करून घ्यावं.