चिठ्ठीवरचे वय

आज संध्याकाळी गोखले रोडवरच्या औषधांच्या दुकानात डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली, तेव्हा काउंटरमागच्या मुलाने मुरमांच्या औषधाची ट्यूब काढता काढता सहज विचारले, “मुलीसाठी का, काकू?” चिठ्ठीवर माझे नाव होते आणि नावापुढे वय, 43, तेही छापील. मी काही बोलले नाही, पैसे दिले आणि बाहेर पडले. राम मारुती रोडपर्यंत येईतो तो प्रश्न नुसता प्रश्न राहिला नव्हता, आणि आता जेवणे आटोपून सगळे आपापल्या खोल्यांत गेल्यावरही मी तो उलटसुलट करून पाहते आहे.

त्याने माझा चेहरा नीट पाहिला आणि त्याला तिथे काही दिसले नाही, असे असेल तर आनंदच मानायला हवा, कारण मग औषध लागू पडते आहे. त्याने चेहरा पाहिलाच नाही, असे असेल तर मात्र गोष्ट वेगळी. खरे सांगायचे तर त्याचा अंदाज व्यवहाराला धरूनच होता. त्या काउंटरवरून मी अण्णांचे डोळ्यांचे थेंब नेते, शेखरच्या रक्तदाबाच्या गोळ्या नेते, सईचे कफ सिरप नेते. स्वतःसाठी डोकेदुखीच्या बामाखेरीज काही नेल्याचे मलाही आठवत नाही. पिशवी घेऊन आलेली काकू दुसऱ्या कोणासाठी तरीच आलेली असणार, हे त्याला मीच शिकवले आहे.

मुरूम हे सोळाव्या वर्षाचे दुखणे, अशी माझीही समजूत होती. नौपाड्यातल्या डॉक्टरबाईंनी ती शांतपणे दूर केली. तिशी-चाळिशीतल्या पुष्कळ बायकांना मुरूम येतात, बहुधा हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने येतात, पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढतात, आणि त्यांचा संबंध चेहरा किती वेळा धुतला याच्याशी नसून संप्रेरकांशी असतो, असे त्या म्हणाल्या. रात्री लावायला 0.1 टक्का ॲडापालीनची, म्हणजे रंध्रे बुजू न देणाऱ्या औषधाची, जेल आणि सकाळी जंतू मारणारे 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, एवढेच लिहून दिले. अधिक जोराचे का नको, असे मी विचारले, तर सौम्य मुरमांवर 2.5 टक्क्यांचा गुण 10 टक्क्यांच्या जवळपास तेवढाच येतो आणि जळजळ कमी होते, असे उत्तर मिळाले. नुसती अँटिबायोटिक जेल लावत राहिले तर जंतू त्या औषधाला सरावतात, बेन्झॉइल पेरॉक्साइडला मात्र सरावत नाहीत, हेही त्यांनीच सांगितले. मग लिहिता लिहिता त्यांनी विचारले की मूल होऊ देण्याचा विचार आहे का, कारण तसे असेल तर ॲडापालीन देत नाहीत. मी नाही म्हटले. त्यांनी पुढची ओळ लिहिली.

जेल मुरमावर टिपक्यासारखी लावायची नसते, हे मला सर्वांत नवे होते. रंध्र आतून बुजू लागल्यानंतर मुरूम वर दिसायला कित्येक आठवडे जातात, म्हणून वाटाण्याएवढी जेल सगळ्या चेहऱ्यावर पातळ पसरायची, आणि आज जे दिसत नाही त्याच्यावर उपचार करायचा. गुण दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. पहिले काही आठवडे तर कातडी सुकते, सोलवटते आणि मुरूम वाढल्यासारखेच वाटतात. त्या दिवसांत मॉइश्चरायझर आधी लावून त्यावर जेल लावली, मध्ये एकेक रात्र सोडली, तेव्हा कुठे ओठांच्या कडांची आग थांबली.

आणि नेमके त्याच दिवसांत सगळ्यांचे लक्ष होते! वन्संनी पोट साफ होते का म्हणून विचारले. मंदाकाकूंनी मुलतानी माती सुचवली आणि लिंबूही, ज्याने सोललेल्या कातडीचे काय झाले असते ते देवच जाणे. ऐरोलीच्या ऑफिसात सायलीने झोप होत नाही का, अशी चौकशी केली. गालावर पुळी असली की माणसे त्या गालाशी बोलतात. पुळी गेल्यावर ती नजर परत डोळ्यांकडे यावी, एवढीच माझी अपेक्षा होती. ती कुठेच आली नाही. हनुवटी स्वच्छ झाली, आणि घरात, लोकलमध्ये, ऑफिसात एकही माणूस काही बोलला नाही. आजचा तो मुलगा तेवढा बोलला, तोही सईला उद्देशून.

इथवर लिहिले आणि मला माझेच हसू आले. जी गोष्ट कोणाला दिसू नये म्हणून रोज रात्री एवढा खटाटोप करायचा, ती दिसली नाही म्हणून रुसायचे, हा न्याय कोणत्या गावचा? शिवाय त्या मुलाने चेहरा निरखून “तुमच्यासाठी का?” असे विचारले असते, तर मी आज त्याच्यावर याहून मोठे पान लिहिले असते. त्याला सुटकाच नव्हती. वय मात्र त्याने वाचायला हवे होते, या मतावर मी ठाम आहे. गोरेपणाच्या नावाखाली स्टेरॉइड मिसळलेली मलमे लोक वर्षानुवर्षे दुकानातून मागून नेत आले, त्यांतून चेहरे बिघडले, आणि 2018 मध्ये सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत आणखी कडकपणे घातली. चिठ्ठी वाचायची असते ती म्हणूनच. काकूंच्या मनाची समजूत हा त्यातला किरकोळ लाभ.

डाग अजून आहेत, तपकिरी आणि सपाट. ते मुरमांहून सावकाश जातात, आणि उन्हात सनस्क्रीनशिवाय फिरले तर अधिक गडद होतात. ठाणे स्टेशनच्या पुलावर घामाने ते किती टिकते हा प्रश्न आहेच, पण दुपारी ऑफिसात पुन्हा लावण्याचे ठरवले आहे, सायलीच्या समोर लावावे लागले तरी. बेन्झॉइल पेरॉक्साइडने शेखरच्या निळ्या टॉवेलवर पांढरे धब्बे पडले, तेव्हापासून न्हाणीघरात माझा एक वेगळा पांढरा टॉवेल असतो. तो वेगळा का, हे त्याने अजून विचारलेले नाही. उद्या चहाच्या वेळी मीच सांगून टाकीन, म्हणजे धब्ब्यांसाठी धुणेवाल्या बाईंना बोलणे तरी थांबेल.